स्ट्रासबर्ग वाया गेला का?

"कॉलेजात एवढा गाजलेला स्टीफन स्ट्रासबर्ग शेवटी वाया गेला, हो ना?" असं तुम्ही विचारलंय. मी वॉशिंग्टनजवळ राहतो, नॅशनल्सचा जुना चाहता आहे. (नॅशनल्स हा इथला बेसबॉल संघ, स्ट्रासबर्ग त्यांचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा.) माझं उत्तर: नाही.

शाळेतून निघाला तेव्हा त्याला एकाही व्यावसायिक संघाने विचारलं नव्हतं. सॅन डिएगो स्टेट विद्यापीठात गेला तो सुटलेलं पोट घेऊन. तिथला व्यायाम घेणारा प्रशिक्षक त्याला 'स्लॉथबर्ग' म्हणायचा. (स्लॉथ म्हणजे अतिशय सुस्त प्राणी.) मुख्य प्रशिक्षक होते टोनी ग्विन, एकेकाळचे नामवंत फलंदाज. मग पोराने अंग असं काही कसलं की २००८ मध्ये यूटाविरुद्ध एका सामन्यात २३ जणांना स्ट्राइकआउट केलं (तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद). त्याच वर्षी बीजिंग ऑलिंपिकच्या अमेरिकन संघात कॉलेजचा तो एकटाच होता. २००९ चा हंगाम १३ विजय, १ पराभव. १०९ इनिंगमध्ये (बेसबॉलच्या एका सामन्यात अशा नऊ असतात) १९५ स्ट्राइकआउट, म्हणजे बाद झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त फलंदाज चेंडू न टोलवताच परत!

नॅशनल्सने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या क्रमांकावर उचललं. जून २०१० मध्ये पहिल्याच सामन्यात १४ स्ट्राइकआउट, आणि सप्टेंबरात कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया. फाटलेल्या लिगामेंटच्या जागी दुसरीकडचा टेंडन बसवतात, वर्षभर तरी खेळ बंद.

२०१२ मात्र अजून सलतं. हात जपायचा म्हणून १५९ इनिंगनंतर त्याला बसवून ठेवलं. बाद फेरीच्या निर्णायक सामन्यात आम्ही ६-० पुढे असून सेंट लुईसकडून हरलो. तो खेळायला हवा होता, हे माझं मत आजही तेच आहे.

आता २०१९. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेचा सहावा सामना, ह्यूस्टनमध्ये. पहिल्याच इनिंगमध्ये दोन धावा गेल्या. कोणता चेंडू येणार ते त्याच्या हालचालीवरून कळतंय, असं पिचिंग कोचने कानात सांगितलं. पुढे प्रत्येक चेंडूआधी तो ग्लव्ह हलवू लागला, आत बोटांची पकड काय आहे कळू नये म्हणून. त्यानंतर त्याने एकही धाव दिली नाही. तो सामना जिंकला, सातवाही जिंकला, आणि मालिकेचा मानकरी स्ट्रासबर्गच ठरला.

त्यानंतर सात वर्षांचा साडेचोवीस कोटी डॉलरचा करार झाला आणि त्यात तो खेळला फक्त ८ सामने. खांद्याजवळ नसा दाबल्या जात होत्या, एक बरगडी काढावी लागली. २०२४ मध्ये निवृत्त झाला. त्या करारावरून त्याला नावं ठेवणारे आमच्याकडेही आहेत. त्यांना मी ह्यूस्टनचा सामना पुन्हा बघायला सांगतो, दुसऱ्या इनिंगपासून.