गोनोरिया (लैंगिक संबंधातून पसरणारा जिवाणूजन्य रोग) बरा झाल्यावर पुन्हा का होतो? अँटिबॉडी तयार होत नाहीत का?

होतात, पण त्या ज्या प्रथिनांवर नेम धरतात तीच गोनोरियाचा जिवाणू बदलत राहतो. पेशींना चिकटायला तो पिलस नावाचे तंतू वापरतो. त्यांच्या मुख्य प्रथिनाचं एकच पूर्ण जनुक चालू असतं. जीनोममध्ये (जिवाणूच्या संपूर्ण डीएनएमध्ये) इतरत्र असलेल्या अर्धवट, मूक प्रतींमधले तुकडे त्यात येऊन बसतात आणि तंतूचं बाहेरून दिसणारं रूप पालटतं. खरी गोम हीच. शिवाय ओपा या पृष्ठभागावरच्या, चिकटायला मदत करणाऱ्या प्रथिनांची जनुकं स्वतंत्रपणे चालू-बंद होतात, आणि या जिवाणूचं एक एन्झाइम आयजीए1 ही ओल्या अस्तरांवर पहारा देणारी अँटिबॉडी तिच्या मधल्या लवचिक बिजागरीपाशी तोडतं (तिचाच दुसरा प्रकार आयजीए2 मात्र त्यातून सुटते). सगळे जिवाणू रूप बदलूनच निसटतात असं नाही: स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा गळवं करणारा जिवाणू प्रोटीन-ए हे आपल्या पृष्ठभागावरचं प्रथिन वापरून अँटिबॉडी शेपटीकडून उलटी धरतो, त्यामुळे भक्षक पेशींना ती पकडता येत नाही.