"ट्रान्सफॉर्मरवर लोड नाही" म्हणतात? जागा देण्याआधी तिन्ही फेज मोजून घ्या

तुमची पोस्ट वाचली. 40 सभासदांना पार्किंगमध्ये ईव्ही चार्जर हवेत, वीज कंपनीचं कार्यालय म्हणतं लोड शिल्लक नाही, नवीन सबस्टेशनला जागा द्या, आणि कमिटीत त्यावरून वाद पेटलेत. मुंबई उपनगरातल्या आमच्या सोसायटीत अगदी हेच घडलं. सर्वसाधारण सभेचा ठराव, एनओसी वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात जात नाही. जागेचा ठराव मात्र एवढ्यात करू नका.

तुमचा हिशेब बघा. 40 चार्जर, प्रत्येकी 7.4 किलोवॅट, म्हणजे 296 किलोवॅट. आकडा ऐकून कोणीही घाबरेल. पण रोज 40 किलोमीटर फिरणाऱ्या कारला साधारण 6-7 युनिट (किलोवॅट-तास) लागतात. सगळ्या गाड्यांचे मिळून फार तर 280 युनिट. रात्री 11 ते सकाळी 7 मध्ये विभागले तर सरासरी 35 किलोवॅट! इमारतीतले सगळे नळ एकदम उघडतील असं धरून कोणी टाकी बांधत नाही, पण चार्जरच्या बाबतीत नेमकं तसंच धरतात.

आम्हाला सर्वांत महाग पडलं ते वीज कंपनीचं कार्यालय. नाव घेत नाही. तिथे सगळ्या फ्लॅटचे मंजूर भार (कनेक्शन घेताना मान्य झालेली किलोवॅटची मर्यादा) कागदावर जोडले, वर चार्जरचा पूर्ण भार चढवला आणि "उपलब्ध नाही" असं सांगून मोकळे झाले. लेखी काही नाही. प्रत्यक्ष भार किती आहे विचारलं की या टेबलावरून त्या टेबलावर. तोपर्यंत इकडे कन्सल्टंटची फी गेली, सबस्टेशनसाठी दोन पार्किंगच्या जागा सोडायची तयारी झाली, आणि कंटाळून काही जणांनी फ्लॅटच्या खिडकीतून एक्स्टेन्शन सोडून गाड्या चार्जिंगला लावायला सुरुवात केली. त्यातला एक 16 अँपिअरचा सॉकेट मी स्वतः काढलेला पाहिलाय: न्यूट्रलचं भोक वितळून मोठं झालेलं, मागची वायर कोळशासारखी. खाली दुचाक्यांची रांग होती. अजूनही संताप येतो.

शेवटी सोसायटीच्या परवानाधारक इलेक्ट्रिशियनने मे महिन्यात रात्री साडेदहाला, सगळे एसी चालू असताना, मीटर रूममधल्या मेन केबलला टाँग टेस्टर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) लावला. इमारतीत वीज तीन लाइनींनी येते, त्या तीन फेज: आर, वाय आणि बी. आर फेजवर 210 अँपिअर, वायवर 130, बीवर 95. वर्षानुवर्षं ज्याने त्याने एसीची लाइन मिळेल त्या फेजवर टाकलेली. क्षमता कमी नव्हती, भार एकाच फेजच्या डोक्यावर बसला होता. कंपनीच्या माणसासमोर भार तिन्ही फेजवर सारखा वाटून घेतला आणि तिन्ही 145 च्या आसपास आले. नंतर पहाटे दोनला मोजलं तर भार निम्म्यावर. ट्रान्सफॉर्मरवरच्या इतर इमारतींचा भार वेगळा असतो हे मान्य, म्हणून तिथलं रीडिंग संयुक्त पाहणीतच मागा. लेखी अर्ज, त्याचा इनवर्ड (आवक) नंबर, आणि उत्तरही लेखी.

आता माझी मतं. मी वीज अभियंता नाही, तुमच्या इमारतीची केबल किती जुनी आहे मला माहीत नाही, तेव्हा तपासून घ्या.

घरी 7.4 चा चार्जर बहुतेकांना लागतच नाही. 3.3 किलोवॅटवर दोन तासांत रोजचा खर्च भरून निघतो. सोसायटीच्या नावावर ईव्हीसाठी एक स्वतंत्र कनेक्शन घ्या, त्यामागे लोड मॅनेजमेंटचा कंट्रोलर बसवा. एकूण मर्यादा ठरवायची, गाड्या वाढल्या की तो प्रत्येकीचा करंट आपोआप कमी करतो. चार्जर ओसीपीपी (वेगवेगळ्या कंपन्यांचे चार्जर आणि सॉफ्टवेअर जोडणारी खुली पद्धत) चालणारेच घ्या, नाहीतर एकाच ब्रँडला कायमचे बांधले जाल. प्रत्येक पॉइंटला 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग, यात तडजोड नको.

"रात्री चार्ज करायची वेळ लोक पाळणार नाहीत" असं कोणी म्हणालं तर लंडनचं उदाहरण द्या. 2013 साली 'लो कार्बन लंडन' प्रयोगात हजारावर घरांना आदल्या दिवशी कळवून युनिटचा दर 3.99 ते 67.20 पेन्स असा बदलता ठेवला होता आणि लोकांनी वापराची वेळ खरंच हलवली. आपल्याकडे तर गाडी रात्रभर उभीच असते.

2020 च्या वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी 2024 मध्ये दुरुस्ती झाली, तीत ईव्ही चार्जिंगसाठी स्वतंत्र कनेक्शन मागायचा हक्क स्पष्ट दिलाय. अर्जात त्याचा उल्लेख कराच. तरी टोलवाटोलवी झाली तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, पुढे विद्युत लोकपाल. तुमची कंपनी सरकारी असेल तर माहितीच्या अधिकारात ट्रान्सफॉर्मरची क्षमता आणि कमाल मागणी मागता येते.

विषय निघालाच आहे तर, गच्चीवर सोलरचा विचार असेल तर पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे आणि त्यात ईव्ही चार्जिंगही धरतात. अर्ज करताना पोर्टलवरचे चालू नियम बघा. मात्र सोलर आला म्हणून रात्रीच्या चार्जिंगचा भार कमी होत नाही, व्हेंडर काहीही सांगोत.

मे महिन्याचे तिन्ही फेजचे आकडे आणि मेन केबलचा साइज इथे टाका. आमच्या अर्जाचा मसुदा हवा असेल तर मेसेज करा, पाठवतो.