न लिहिलेली ओळ कशी वाचायची?

स्पर्धा परीक्षांतल्या 'विधान आणि गृहीतके' या प्रश्नप्रकारात दोन्ही पर्याय बरोबरच वाटतात. निवडायचे कसे? (लातूर)

गृहीतक म्हणजे बोलणाऱ्याने न सांगता खरी धरलेली गोष्ट. ती ओळखायला पर्याय उलटा करून पाहा. समजा, विधान असे आहे: 'कांद्याचे भाव पडलेत, त्यामुळे पुढच्या हंगामात शेतकरी कांदा कमी लावतील.' पहिला पर्याय: लागवड ठरवताना शेतकरी भावाचा विचार करतात. दुसरा: कांदा साठवायची सोय अपुरी आहे.

पहिला उलटा केला, म्हणजे 'शेतकरी भावाचा विचार करत नाहीत' असे धरले, की विधानातल्या 'त्यामुळे'चा आधारच जातो. म्हणून ते गृहीतक. आता दुसरा उलटा करा. कांदाचाळी मुबलक आहेत असे समजा. तरी विधान जागेवरून हलत नाही. म्हणून ते गृहीतक नाही.

तरीही दुसरा पर्याय खुणावतो, कारण ती अडचण आपण गावात डोळ्यांनी पाहिलेली असते. मुलांचे सर्वांत जास्त गुण इथे जातात, आणि तेही हुशार, वाचन असलेल्या मुलांचे. म्हणून कळकळीने सांगतो: पर्याय खरा आहे का, हे कुणी विचारलेलेच नाही. तो धरल्यावाचून बोलणाऱ्याला हे म्हणता आले असते का, एवढेच पाहायचे.

'फक्त', 'सर्व', 'च' दिसले की पर्याय खोडा, असे क्लासमध्ये सांगतात. खरे आहे? (सातारा)

बऱ्याचदा जमते, पण नियम म्हणून धरू नका. वरच्याच विधानाला 'शेतकरी फक्त भावच पाहतात' हे गृहीतक लागत नाही. ते पाणी-पाऊसही पाहत असले तरी बिघडत नाही. पण हे पाहा: 'घाट बंद आहे, म्हणून आज एसटी गावात पोहोचणार नाही.' इथे 'गावात एसटी घाटातूनच येऊ शकते' हे धरावेच लागते. दुसरा रस्ता चालू असेल तर विधान कोसळते. इथे 'च' पाहून पर्याय खोडणाऱ्याचे उत्तर चुकले. मराठीतला हा एका अक्षराचा 'च' नजरेतून निसटू देऊ नका.

गृहीतक आणि निष्कर्ष यांत गोंधळ होतो. (पणजी)

गृहीतक विधानाच्या आधी असते, निष्कर्ष नंतर निघतो. 'घाटाशिवाय रस्ता नाही' हे आधीचे. 'आज गावातल्यांना एसटीने येणारे पार्सल मिळणार नाही' हे नंतरचे.

'थुंकल्यास दंड' अशा पाटीत काय गृहीत धरलेले असते? (डोंबिवली)

काही जण तिथे थुंकण्याची शक्यता आहे आणि दंडाच्या धाकाने त्यांतले निदान काही थांबतील. 'सगळेच थांबतील' हे मात्र नाही. चार जणांनी ऐकले नाही म्हणून पाटी निरर्थक ठरत नाही.

यूपीएससी पूर्वपरीक्षेच्या सीसॅट या पात्रता पेपरातील उताऱ्यांवरचे असे प्रश्न सोडवावेत की सोडावेत? (नागपूर)

आधी उताऱ्यातला लेखकाचा मुख्य दावा एका ओळीत मनाशी मांडा, मगच पर्यायांकडे वळा. दावाच सापडत नसेल तर उलटे करून पाहायला हाताशी काही उरत नाही. तो प्रश्न सोडा. पेपर २०० गुणांचा, प्रश्न ८०, आणि पात्रतेला ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण लागतात. एकही चूक न करता २७ उत्तरे बरोबर आली तरी ६७.५ होतात. चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक तृतीयांश कापले जातात, त्यामुळे 'वाटतंय बरोबर' एवढ्यावर गोल काळा करू नका.