कोडियाकला निघण्यापूर्वी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

अलास्कातल्या कोडियाक बेटावरच्या अस्वल-शिकारीच्या सोडतीत तुला परवाना लागला, फार आनंद झाला. अलास्कात राहून तुला वर्ष उलटलंय, त्यामुळे परवानाधारक गाइड नेण्याची सक्ती तुझ्यावर नाही. तरी एकटा जाऊ नकोस. अस्वल मारून, सोलून, पाठीवर वाहून आणलेला कुणीतरी सोबत हवाच.

रायफलीबद्दल तू पानभर विचारलंस. थ्री-थर्टी-एट मॅग्नम उत्तम. तिचा धक्का सोसत नसेल तर थर्टी-ओ-सिक्स घे, जड गोळी वापर आणि हात बसेपर्यंत सराव कर. मला खरी काळजी आहे ती तुझ्या घाईची.

हंगाम १ एप्रिल ते १५ मे. विमानानं उतरशील त्या दिवशी शिकार करता येत नाही, तेव्हा तंबू नीट ठोक. दुसऱ्या दिवसापासून उंचावर बसून समोरचे उतार दुर्बिणीतून विंचरायचे. अस्वल दिसलं की लगेच उठू नकोस. मागून पिल्लं येतायत का ते बघ. आई उघड्यावर येते आणि पिल्लं मागे आल्डरच्या झुडपांत रेंगाळत असतात. पिल्लांसोबतच्या मादीला मारायला बंदी आहे. माझं ऐकशील तर एकटी मादीही सोडून दे. ती साधारण पाचव्या वर्षी वयात येते, पुढे पिल्लं तीन-तीन वर्षं तिच्याबरोबर, आणि सगळ्या द्वीपसमूहावर अस्वलं जेमतेम साडेतीन हजार. थोराड नर ओळखता येतो: कान डोक्याच्या मानानं बारके आणि दोन बाजूंना फाकलेले, पोट खाली आलेलं, पुढचे पंजे आत वळवून डुलत चालणं. कान मोठे आणि पाय लांब वाटले तर ते पोरसवदा आहे, जाऊ दे.

वारा तोंडावर घेऊन शंभर मीटरच्या आत जा. अस्वल तुझ्याकडे बाजू करून उभं राहीपर्यंत थांब. नेम खांद्यामागे, फुफ्फुसांवर. डोक्यावर कधीच नाही. आणि ते पडून निपचित होईपर्यंत गोळ्या घालत राहा. जखमी होऊन निसटलेलं अस्वलही तुझ्या परवान्यावर मोजलं जातं, शिवाय आल्डरच्या जाळीत त्याच्या मागावर तुलाच शिरावं लागतं. संध्याकाळ कलली असेल तर गोळी झाडूच नकोस.

सोलताना पंजे आणि ओठ घाईत उरकू नकोस, केस तिथूनच गळायला लागतात. कानांची कातडी उलटी करून मीठ चोळ. नर-मादीचा पुरावा कातड्याला तसाच राहू दे. बेट सोडण्याआधी कातडं आणि कवटी कोडियाक गावात वन्यजीव खात्याला दाखवावी लागते. वय कळावं म्हणून ते एक दात काढून घेतात. नराचं ओलं कातडं कवटीसकट पन्नास किलोच्या पुढे जातं, म्हणून आतापासून रोज पाठीवर वजन घेऊन डोंगर चढ.

माझी मोठी दुर्बीण तिवईसकट घेऊन जा. रविवारी मी घरीच आहे.

तुझा,
काका