खडतर मार्गावर, उन्हात आणि चिखलात शालेय क्रॉस कंट्री संघाने दम कसा राखावा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: शाळेच्या क्रॉस कंट्री (म्हणजे ट्रॅकऐवजी मोकळ्या रानमाळावर धावण्याच्या) संघाला तुम्ही यंदा प्रथमच शिकवत आहात, पुढची पाच किलोमीटरची शर्यत चढ-उतारांच्या मार्गावर, बहुधा कडक उन्हात किंवा पावसानंतरच्या चिखलात होणार आहे, मुले पहिला किलोमीटर वाऱ्यासारखी धावतात आणि चौथ्या किलोमीटरला पाय ओढू लागतात, तेव्हा त्यांना प्रत्येक किलोमीटर किती मिनिटांत धावायला सांगावे? शिवाय संघातल्या सर्वांत वेगवान मुलीला आवरावे की मोकळे सोडावे, हेही तुम्ही विचारले आहे. मी बरीच वर्षे शालेय संघांना धावणे शिकवतो आहे. पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, अशा दिवशी किलोमीटरची मिनिटे सांगूच नयेत.

घड्याळ वेग मोजते, कष्ट मोजत नाही. सपाट, कोरड्या जमिनीवर आणि थंड हवेत हे दोन्ही हातात हात घालून चालतात, म्हणून ट्रॅकवर घड्याळावर विसंबता येते. चढ, चिखल, वारा किंवा ऊन यांपैकी काहीही मध्ये आले की त्यांची फारकत होते. चढाचेच पाहा. इटालियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ अल्बेर्तो मिनेत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांवरून हिशेब केला, तर सपाटीवर एक मीटर धावायला लागणारी ऊर्जा १०० धरल्यास दहा टक्के चढावर (शंभर मीटरला दहा मीटर उंची) ती सुमारे १६५ होते आणि तेवढ्याच उतारावर सुमारे ६० राहते. म्हणजे जेवढे चढलो तेवढेच उतरलो, तरी सरासरी शंभराच्या वरच जाते. चढाने घेतलेले सगळे उतार परत देत नाही. अशा चढावर सपाटीचा वेग टिकवण्याचा हट्ट धरणारा मुलगा माथ्यावर पोहोचतो तेव्हा त्याचा श्वास हाताबाहेर गेलेला असतो, आणि जिथे फुकटची मिनिटे मिळायची त्या उतारावर तो नुसता धापा टाकत राहतो. म्हणून मी मुलांना सांगतो की चढावर वेग खुशाल घटू द्या, पाऊल आखूड करा, श्वासाची लय मात्र तीच ठेवा. आणि माथा आला म्हणून सैल पडू नका, माथ्यानंतरची वीस पावले मोजून टाका. बहुतेक जण नेमके तिथेच सुस्तावतात, त्यामुळे त्या वीस पावलांत जेवढे जण मागे पडतात तेवढे अख्ख्या चढावरही पडत नाहीत.

मुळात मुले सुरुवातीला एवढी जोरात का सुटतात, हे त्यांना नीट समजावून सांगणे 'हळू जा' असे ओरडण्यापेक्षा अधिक उपयोगी पडते. धावायला सुरुवात केल्यावर स्नायूंची ऑक्सिजनची मागणी लगेच वाढते, पण पुरवठा त्या पातळीपर्यंत पोहोचायला दोन-तीन मिनिटे लागतात. मधल्या काळातली तूट स्नायूंमधला साठा आणि ऑक्सिजनविना होणारी ऊर्जानिर्मिती भरून काढते, आणि हे उसनवारीचे धावणे त्या वेळी अतिशय सोपे वाटते. त्यात बंदुकीचा आवाज, शेजारच्या शंभर मुलांची झुंबड आणि पालकांचा गलका. मुलाला खरोखरच वाटते की आज आपले पाय हलके आहेत. ही मुले हुशार असतात. कारण सांगितले की 'पहिल्या दोन मिनिटांत शरीर खोटे बोलते' एवढे एक वाक्य ती पक्के लक्षात ठेवतात.

याला एक अपवाद आहे. सुरुवातीच्या मैदानानंतर दोन-तीनशे मीटरवर वाट अरुंद होत असेल, तर मागे राहिलेली मुले कोंडीत अडकतात आणि पुढे चिखलात एकामागे एक रखडतात. अशा मार्गावर पहिली वीस-पंचवीस सेकंदे जोरात धावून जागा घ्यावीच लागते. मात्र त्यानंतर लगेच लय खाली आणायची सवय हवी. आम्ही सरावात दीडशे मीटरवर एक झेंडा रोवतो. झेंड्यापर्यंत मोकळे सुटायचे आणि झेंडा ओलांडताच खांदे सैल सोडून श्वास आवरायचा. जोरात सुटणे शिकवावे लागत नाही. आवरणे मात्र पाच-सहा वेळा घोटून घ्यावे लागते.

आता उन्हाविषयी, कारण चुकीची सर्वांत मोठी किंमत तिथे मोजावी लागते. धावताना खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते, आणि ती काढून टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घामाचे बाष्पीभवन. नुसता घाम येऊन भागत नाही, तो उडून जावा लागतो. हवा दमट असेल तर घाम ओघळून जमिनीवर पडतो आणि शरीर तापतच राहते. म्हणून तापमापकातल्या आकड्याइतकेच मी मुलांच्या कोपरांकडेही पाहतो. वॉर्म-अपमध्येच कोपरांवरून घाम ठिबकू लागला, तर तो दिवस आकड्यापेक्षा कठीण आहे असे समजावे. अशा दिवशी पहिला किलोमीटर नेहमीपेक्षा दहा-पंधरा सेकंदांनी, कधी त्याहूनही अधिक सावकाश जावा, अशी माझी अपेक्षा असते. शरीर एकदा तापले की शर्यत सुरू असताना ते निवत नाही, त्यामुळे उन्हातली घाई पुढे भरून काढता येत नाही. उष्णतेची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. शर्यत उन्हात असेल तर त्याआधीचे दोन आठवडे थोडा सराव त्याच वेळेला, हळूहळू वाढवत घ्या.

यातली माझी स्वतःची चूक सांगतो. एका उकाड्याच्या दिवशी मी एक किलोमीटरच्या खुणेपाशी घड्याळ घेऊन उभा होतो. मुले नेहमीपेक्षा चौदा सेकंद मागे होती, म्हणजे खरे तर अगदी योग्य धावत होती. मी मात्र 'मागे पडताय, वेळ भरून काढा' असे ओरडलो. त्यांनी माझे ऐकले. सातांपैकी दोघे चौथ्या किलोमीटरला चालू लागले, आणि तिसरी मुलगी अंतिम रेषा ओलांडून माझ्यापर्यंत आली ती 'अजून किती राहिले?' असे विचारत. तिला सावलीत नेऊन भराभर गार पाण्याने भिजवले आणि ती सावरली. तो प्रश्न मात्र अजून माझ्या कानात आहे. धावणारे मूल भेलकांडू लागले, असंबद्ध बोलू लागले किंवा चिडचिड करू लागले, तर ते दमले आहे असे समजून सोडून देऊ नका. शरीराचे आतले तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्यावर होणाऱ्या उष्माघाताची ती चिन्हे असू शकतात. अशा वेळी रुग्णवाहिका बोलवावी, पण तिची वाट पाहत बसू नये. मुलाला जागच्या जागी गार पाण्याच्या टबात बसवावे आणि डोके पाण्याबाहेर धरून ठेवावे. उन्हाच्या शर्यतीला पाण्याने भरलेला मोठा टब आणि बर्फ नसेल, तर संघ उतरवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

वाऱ्याचा हिशेब वेगळा आहे आणि मुलांना तो फार आवडतो. हवेचा अडथळा सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला चार मीटर धावणाऱ्या मुलाला समोरून तेवढ्याच वेगाचा वारा लागला, तर हवेचा अडथळा दुप्पट नव्हे, चौपट होतो. तोच वारा पाठीमागून असेल तर अडथळा शून्य होतो. म्हणजे समोरचा वारा तीन भाग घेतो आणि पाठीवरचा एकच परत देतो. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी १९७१ साली दाखवून दिले की, सेकंदाला सहा मीटर वेगाने धावणाऱ्याने दुसऱ्याच्या मागे साधारण एक मीटरवर धावले, तर त्याला सुमारे साडेसहा टक्के कमी ऑक्सिजन लागतो. आपली मुले एवढ्या वेगाने धावत नाहीत, पण समोरून वारा असताना आडोशाचे मोल तेवढेच ठरते. तेव्हा वाऱ्याच्या तोंडावर कोणाला तरी आपला आडोसा होऊ द्यावा, आणि मार्ग वळून वारा पाठीशी आला की मग पुढे निघावे.

चिखलाबद्दल थोडक्यात: पाऊल आखूड आणि भरभर, वळणाआधी वेग कमी, स्पाइक्सचे (तळाला खिळे असलेल्या बुटांचे) खिळे नेहमीपेक्षा लांब, आणि तुडवलेल्या वाटेच्या कडेला गवत शिल्लक असेल तर दोन-तीन मीटर जास्त पडले तरी तिकडूनच जावे. आदल्या दिवशी किंवा सकाळी मार्ग पायी फिरून ही गवताची पट्टी मुलांना दाखवून ठेवा.

संघाचा विचार इथून पुढे सुरू होतो. शालेय सांघिक शर्यतींच्या प्रचलित पद्धतीत सात जण धावतात, पहिल्या पाचांच्या क्रमांकांची बेरीज होते आणि सर्वांत कमी बेरजेचा संघ जिंकतो. एका संघाचे क्रमांक ४, ९, २१, ४८ आणि ७० असे आले तर बेरीज १५२ होते. दुसऱ्याचे १८, २२, २७, ३३ आणि ३९ असे आले तर १३९, म्हणजे पहिल्या सतरांत एकही जण नसताना दुसरा संघ जिंकतो. शर्यतीच्या मधल्या भागात मुले इतकी दाटीने धावत असतात की दहा सेकंदांत डझनभर क्रमांक इकडचे तिकडे होतात, आणि कठीण दिवशी कोसळणारी मुले याच दाटीत सर्वाधिक असतात. म्हणून माझे सगळे नियोजन चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या धावपटूभोवती असते. त्या तिघांना मी पहिले दोन किलोमीटर शक्यतो एकत्र धावायला सांगतो, मात्र घोळक्याची लय सर्वांत सावकाश धावणाऱ्याची असावी, अशी अट घालतो. ती नसेल तर घोळका दुबळ्याला आधार न देता फरफटत नेतो. तिसऱ्या किलोमीटरपासून प्रत्येकाने आपापला मार्ग धरावा आणि पुढचा एक गणवेश हेरून त्याला गाठावे, मग त्याच्या पुढचा. मी आता वाटेत उभा राहून वेळ सांगत नाही. 'पुढच्या झाडापर्यंत तिघे' एवढेच सांगतो.

याचे इतिहासातले सर्वांत लख्ख उदाहरण १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधले आहे. ४० अंशांच्या आसपासच्या उष्म्यात झालेल्या त्या क्रॉस कंट्री शर्यतीत ३८ जण धावले आणि अवघे १५ जण अंतिम रेषेपर्यंत पोहोचले. फिनलंडचा पाव्हो नुर्मी आरामात पहिला आला आणि त्याचा देशबांधव विले रिटोला दुसरा. पण सांघिक पदकासाठी तिघे पूर्ण व्हावे लागत होते, आणि सुवर्ण पक्के झाले ते बाराव्या क्रमांकावर कसाबसा पोहोचलेल्या हेइक्की लीमाताइनेनमुळे. तिघे पूर्ण झालेले संघ तीनच होते. त्यानंतर हा प्रकार ऑलिंपिकमधून बाद झाला.

कष्टाच्या मापाने धावणे शर्यतीच्या दिवशी अचानक जमत नाही, त्याचा सराव लागतो. आमचे माप बोलण्याचे आहे: पूर्ण वाक्य बोलता आले तर हलके, तीन-चार शब्दच सुटले तर शर्यतीच्या पहिल्या तीन किलोमीटरांचे, आणि एकच शब्द फुटला तर शेवटच्या किलोमीटरचे. आठवड्यातून एकदा मुले घड्याळे माझ्याकडे देतात आणि चढ-उताराच्या एक किलोमीटरच्या फेऱ्या चार वेळा, एकाच कष्टाने धावतात. प्रत्येक फेरीनंतर स्वतःची वेळ ओळखून सांगायची. मी वहीत एका रकान्यात त्यांचा अंदाज आणि शेजारी खरी वेळ लिहितो. एका मुलाची पहिली फेरी पहिल्या आठवड्यात अंदाजापेक्षा एकवीस सेकंदांनी जलद होती आणि चौथी तेवढीच मंद. दोन महिन्यांत तो फरक चार सेकंदांवर आला. त्याचा सपाटीवरचा वेग फारसा वाढला नव्हता, पण चिखलातल्या शर्यतीत तो संघातला सातवा होता तो पाचवा झाला.

राहिला तुमच्या वेगवान मुलीचा प्रश्न. तिला मधल्या घोळक्यात अडकवू नका. तिची शर्यत पुढच्या चार-पाच जणींशी आहे आणि त्यांना निसटू दिले तर एकटीने गाठणे अवघड जाते. पण उन्हात किंवा वाऱ्यात तिने आघाडी घेऊ नये, दुसऱ्या-तिसऱ्या जागी आडोशाला राहावे. पुढची मुलगी वेडा वेग धरू लागली आणि हिचे तीन शब्दही सुटेनासे झाले, तर तिला जाऊ द्यावे. २००७ साली केनियातल्या मोम्बासाच्या उष्ण, दमट हवेत झालेल्या जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धेत, त्याआधी सलग पाच वर्षे लांब पल्ल्याचे विजेतेपद मिळवलेल्या इथिओपियाच्या केनेनिसा बेकेलेलाही शेवटच्या फेरीत शर्यत सोडावी लागली होती आणि एरिट्रियाचा झेरसेनाय तादेसे जिंकला, हे तिला जरूर सांगा. आणि शर्यत सोडण्याची परवानगी तिला आधीच, स्पष्ट शब्दांत देऊन ठेवा, कारण अशी मुले ती स्वतःहून कधीच मागत नाहीत.