हवालदारांच्या खिशातला मोबाइल

प्रश्न: मी ६३ वर्षांचा निवृत्त शिक्षक, नाशिकला सिडकोत राहतो. माझा भाचा द्राक्षांचा व्यापार करायचा. दिंडोरीकडच्या बागायतदारांचे पैसे थकवून तो दोन महिने गायब आहे, त्याच्यावर फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला आहे. मागच्या आठवड्यात साध्या कपड्यातले एक हवालदार घरी आले. चहा झाला. गप्पांच्या ओघात मी सांगून बसलो की भाच्याचा एकदा फोन आला होता. दोन दिवसांनी फोन करून ठाण्यात बोलावलं आणि साहेबांनी माझंच बोलणं मला मोबाइलवर ऐकवलं, तेही दोन शेतकऱ्यांसमोर. आता ते शेतकरी माझ्याकडे पैसे मागतात. न विचारता असं रेकॉर्डिंग करता येतं का? मी अडकलो आहे का?

उत्तर: सर, आधी तुम्हाला आवडणार नाही ते सांगते. ज्याच्याशी आपण बोलतो त्यानेच ते बोलणं टिपून ठेवलं, तर तेवढ्याने गुन्हा होत नाही, मग तो पोलीस का असेना. उलट १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (गुन्ह्याचा तपास आणि खटला कसा चालवायचा ते सांगणारा नवा कायदा) कलम १८०मध्ये साक्षीदाराचा जबाब ध्वनिचित्रमुद्रणानेही घेता येईल, असं स्पष्ट लिहिलं आहे. सर्वोच्च न्यायालयाची भूमिकाही जुनीच आहे. १९७२च्या आर. एम. मलकानी खटल्यात मुंबईच्या कॉरोनरचं (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) लाचेबद्दलचं फोनवरचं बोलणं पोलिसांनी समोरच्या डॉक्टरच्या संमतीने टेप केलं होतं. न्यायालयाने तो पुरावा ग्राह्य धरला.

हा खटला पुढे करून कुणी तुम्हाला घाबरवलं तर मात्र एक फरक लक्षात ठेवा. तिथलं बोलणं पोलिसाशी झालेलं नव्हतं. तुमचं झालं, आणि तेही गुन्ह्याचा तपास चालू असताना. असं सांगणं कागदावर उतरलं काय किंवा मोबाइलमध्ये साठलं काय, माझ्या मते तो जबाबच. आणि जबाबाला त्याच संहितेच्या कलम १८१ची वेसण आहे. तुम्ही उद्या साक्षीदार म्हणून उभे राहिलात आणि वेगळं बोललात, तर ती विसंगती दाखवण्यापुरता त्याचा उपयोग. एरवी त्या गुन्ह्याच्या खटल्यात तो पुरावा म्हणून वाचता येत नाही. समजा तुम्हालाच आरोपी केलं, तरी पोलिसापुढची कबुली भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३मुळे बाद ठरते. त्या सांगण्यावरून कोठडीतल्या आरोपीने काही शोधून दिलं, तर फक्त तेवढा भाग त्याला अपवाद. म्हणजे ती क्लिप ऐकून तुमची झोप उडाली असली, तरी कोर्टात तिचं वजन तुम्हाला वाटतं तेवढं नाही.

मला राग येतो तो शेतकऱ्यांसमोर ती वाजवण्याचा. तपासासाठी घेतलेलं बोलणं तपासासाठी आणि कोर्टासाठी असतं. फिर्यादींना ऐकवून एका ज्येष्ठ नागरिकावर वसुलीचा दबाव आणायला कोणतंही कलम परवानगी देत नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७मध्ये एकमताने सांगितलं आहे. शिवाय तुम्ही मामा आहात म्हणून भाच्याचं देणं तुमच्या डोक्यावर येत नाही. जामीन राहिला नसाल, व्यवहारात भागीदार नसाल, तर त्या शेतकऱ्यांना हे शांतपणे सांगा. त्यांचाही घाम त्या मालात गेला आहे, चढ्या आवाजात बोलू नका.

आणि तुम्हाला ठाण्यात बोलावलंच कसं? नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९प्रमाणे साक्षीदाराला लेखी आदेश द्यावा लागतो, आणि ६० वर्षांवरच्या पुरुषाला राहत्या घराबाहेर चौकशीला यायची सक्ती करता येत नाही. जुन्या कायद्यात हीच मर्यादा ६५ होती, त्यामुळे बऱ्याच जणांच्या डोक्यात अजून तोच आकडा असतो. स्वखुशीने जायला हरकत नाही, पण फोनवरच्या ‘जरा येऊन जा’ला बांधील नाही. यापुढे नम्रपणे म्हणा, ‘लेखी द्या साहेब, मी घरी आहे.’

भाच्याचा फोन आला, एवढ्याने तुम्ही गुन्हेगार होत नाही. पण त्याला पैसे पाठवलेत का, कुठे लपायला मदत केलीत का, हे तुमच्या पत्रात नाही. तसं काही असेल तर पुढचा शब्द पोलिसांशी बोलण्याआधी वकिलाला भेटा. गुन्हेगाराला आसरा देणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि त्यातली सूट फक्त नवरा-बायकोला आहे, मामाला नाही. स्वतःवर गुन्हा ओढवेल अशा प्रश्नाचं उत्तर न देण्याचा हक्क तुम्हाला आहे; खोटं बोलण्याचा नाही. भीतीपोटी फोनमधली कॉलची नोंद किंवा व्हॉट्सॲपचे मेसेज पुसू नका. त्यातून नवं लचांड मागे लागेल.

फोन चोरून ऐकला जातोय का, ही शंका बहुतेक अशा पत्रांत असते, म्हणून एवढंच: दोघांचं बोलणं तिसऱ्याने मध्येच ऐकायचं तर सहसा राज्याच्या गृहसचिवांचा आदेश लागतो. हवालदार किंवा निरीक्षक स्वतःच्या मर्जीने ते करू शकत नाहीत. तुम्हीही पोलिसांशी झालेलं बोलणं रेकॉर्ड करू शकता. पोलीस ठाणे हे शासकीय गुपिते कायद्यातलं ‘निषिद्ध स्थान’ (जिथे चित्रण केल्यास त्या कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो अशी जागा) नाही, असा निकाल उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२मध्ये दिला आहे. फक्त मूळ फोन जपून ठेवा.

आता घाई एकाच गोष्टीची. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२०च्या आदेशाप्रमाणे ठाण्यातल्या सीसीटीव्हीत आवाजही टिपला जायला हवा आणि चित्रण १८ महिने, यंत्रणेची तेवढी क्षमता नसेल तर निदान वर्षभर, राहायला हवं. ती क्लिप शेतकऱ्यांना ऐकवल्याचा तुमचा पुरावा तिथेच आहे. तारीख, वेळ, कोणती खोली आणि समोर कोण होतं ते लिहून, त्या दिवसाचं चित्रण राखून ठेवावं असा अर्ज याच आठवड्यात पोलीस आयुक्त कार्यालयात द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर पोहोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.