‘मौलाना’ म्हणजे नेमकं कोण? नमाज पढवणारा प्रत्येक जण मौलानाच का?

नाही. अरबी ‘मौला’ म्हणजे स्वामी, ‘ना’ म्हणजे आमचा; मौलाना म्हणजे ‘आमचे स्वामी’. मौलवीही त्याच धातूतला. आपल्याकडे मदरशातला आलिमचा, म्हणजे धर्मशास्त्राच्या विद्वानाचा, अभ्यास पुरा केलेल्याच्या नावाआधी मौलाना लावतात. मौलाना अबुल कलाम आझादांनी मात्र हा अभ्यास घरीच केला होता. नमाज पढवतो तो इमाम, कुराण मुखोद्गत असलेला हाफिज, फतवा देतो तो मुफ्ती. एकाच माणसात हे सगळं असू शकतं, म्हणून घोळ होतो.

आमच्या दापोलीकडे बोलताना सरसकट ‘मौलाना, चाय घेतल्याशिवाय जायचं नाय’ असंच चालतं. पदवी कोण विचारतो! आणि हो, रत्नागिरीत दारावर ‘काझी’ किंवा ‘खतीब’ (मशिदीत शुक्रवारचं प्रवचन देणारा) पाटी दिसली तर ते आडनाव. पूर्वजाचं पद तेवढं उरलंय, घरातला माणूस कदाचित बँकेत असेल.